घरातल्या पाच जणांचे पासपोर्ट: आधी कोणाचा, आणि कोणत्या कागदांवर

बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या एका ताईंनी विचारले आहे. घरात पाच माणसे. नवरा रेल्वेत, प्रतापनगरच्या ऑफिसात. त्याचा पासपोर्ट संपून चार वर्षे झाली. ताईंचा स्वतःचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, अजून दोन-अडीच वर्षे चालेल असा. मुलगी ९ वर्षांची, तिचा लहानपणी काढलेला पासपोर्ट नुकताच संपला. मुलाचा जन्म डिसेंबर २०२३ चा, त्याचा अजून काढलेलाच नाही. आणि सासूबाई, वय ६७, त्यांनी पासपोर्ट कधी काढला नाही. धाकटे दीर टोरांटोला असतात आणि पुढच्या मे महिन्यात सगळ्यांनी तिकडे जायचे ठरते आहे. ताईंचे प्रश्न दोन: पाचही अर्ज एकाच दिवशी भरून टाकू का, आणि मला सासरचे नाव लावून घ्यावेच लागेल का?

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे, नाही लागत. पहिल्याचे उत्तरही "नाही"च आहे, पण त्याला कारणे आहेत आणि ती नीट सांगायला हवीत.

रावपुऱ्यात बसून मी बरीच वर्षे हीच कामे करतो. अडकलेली जी फाइल माझ्याकडे येते तिच्यात कागद कमी असतो असे फार क्वचित होते. कागद भरपूर असतात, पण एकाच घरातले कागद एकमेकांशी भांडत असतात. आधारवर एक स्पेलिंग, एलसीवर म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचे तिसरेच. काउंटरवरचा अधिकारी तुमचे घर ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतात. म्हणून ऑनलाइन फॉर्म उघडण्याआधी एका संध्याकाळी घरातले सगळे दाखले पलंगावर पसरा आणि प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

आपल्या बडोद्याच्या मराठी माणसांचा यात एक खास घोळ असतो. गुजरातेत नाव नोंदवताना लिहिणारा सवयीने "भाई", "बेन" किंवा "कुमार" जोडून देतो. मग दत्तात्रेयचे दत्तात्रयभाई होते, सुमनचे सुमनबेन. आडनावात "व" आला की त्याहून मजा. पवारांच्या एकाच घरात बापाचे स्पेलिंग डब्ल्यूने आणि मुलाचे व्हीने, कारण मुलाचा दाखला करणाऱ्याने गुजराती पद्धतीने लिहिले. देवधर, देव, सावंत, वाघ, सगळ्यांची हीच कथा. घरात बोलताना हे चालून जाते. पासपोर्टसाठी मात्र सुमन आणि सुमनबेन या दोन बायका होऊ शकतात.

मागे वाडीतल्या एका आजोबांना घेऊन त्यांचा नातू आला होता. आजोबांनी एलसी कापडी पिशवीतून काढली, घडीवर फाटलेली, गुजराती हस्ताक्षरातली. नातवाने फॉर्ममध्ये नाव भरले होते आधारप्रमाणे. एलसीत नावापुढे "राव" होते, आधारवर नव्हते, पॅनवर "राव" वेगळा शब्द म्हणून आणि निवडणूक कार्डावर "भाई". आजोबा प्रत्येक कागदाकडे बघून म्हणत, "हाही मीच." अर्थातच तेच होते. आम्ही जन्मतारखेसाठी पॅन धरला, आधार पॅनप्रमाणे दुरुस्त करून घेतले आणि बाकीचे दोन कागद पिशवीत परत ठेवायला सांगितले. जितके कागद दाखवाल तितकी तफावत दाखवाल, हे लक्षात असू द्या. मागितलेला कागद द्यावा, न मागितलेला काढू नये.

आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. तेव्हा कोणता कागद मूळ धरायचा हे आधी ठरवा आणि मगच आधार केंद्रात जा.

आता तुमच्या घराचे एकेक बघू. सुरुवात यजमानांपासून, कारण मुलांचे अर्ज त्यांच्या पासपोर्टवर उभे राहणार आहेत.

संपून चार वर्षे झाली म्हणून नवा अर्ज करावा लागतो, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. एकदा पासपोर्ट निघाला की पुढचा प्रत्येक अर्ज "रीइश्यू"चाच. फॉर्ममध्ये कारण विचारतात, तिथे मुदत संपून तीन वर्षांपेक्षा जास्त झाली, हा पर्याय निवडायचा. तीन वर्षांच्या आतला असता तर बऱ्याचदा पोलीस चौकशीशिवाय काम होते. त्यापुढे गेला की चौकशी धरूनच चालायचे. काहीजण शहाणपणा करून जुन्या पासपोर्टचा उल्लेखच करत नाहीत आणि "फ्रेश" भरतात. तसे अजिबात करू नका. जुना नंबर त्यांच्या संगणकात असतो आणि माहिती लपवली म्हणून दंड होऊ शकतो, फाइल लटकते ती वेगळी. ज्यांचा पासपोर्ट अजून चालू आहे त्यांच्यासाठी एवढेच, की मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून रीइश्यूचा अर्ज करता येतो. शेवटच्या महिन्याची वाट बघण्यात काही अर्थ नाही, कारण बरेच देश पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात.

जुना पासपोर्ट सोबत न्यायचा आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांची स्वतः सही केलेली झेरॉक्स. जुन्यात एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर घाबरू नका, रद्दचा शिक्का मारून पुस्तिका परत देतात. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पुस्तिकेत असला तरी नव्या पुस्तिकेबरोबर तो चालतो.

यजमान रेल्वेत आहेत म्हणून आणखी एक कागद. सरकारी नोकराला पूर्वी ऑफिसच्या ना-हरकत दाखल्यासाठी महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागत. आता पूर्वसूचनेचे पत्र पुरते. ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे अ‍ॅनेक्शर एचमध्ये, "मी पासपोर्टसाठी अर्ज करतो आहे" असे आपल्या वरिष्ठांना कळवायचे आणि त्याची प्रत अर्जाला जोडायची. वरिष्ठांची परवानगी यावी म्हणून थांबायचे नसते. त्यांना हरकत असेल तर ते पासपोर्ट ऑफिसला कळवतील. पण पत्र दिल्याचा पुरावा हवा, म्हणून आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. एवढे सांगूनही लोक शिक्क्याशिवाय येतात.

ताई, आता तुमचे. लग्नानंतर बाईने पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. माहेरचे नाव ठेवून तुम्ही जगभर फिरू शकता. प्रश्न दुसरा आहे: पासपोर्टच्या नोंदीत नवऱ्याचे नाव घालायचे की नाही. मी म्हणेन, घाला. दोन कारणे. मुलांच्या अर्जात आई-वडिलांचे चालू पासपोर्ट दाखवता येतात आणि दोघांच्या पासपोर्टमध्ये एकमेकांची नावे असली तर मुलांना साधारणपणे पोलीस चौकशी लागत नाही. दुसरे म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यात आईचे नाव बहुधा सासरचे लिहिलेले असते आणि तुमचा पासपोर्ट माहेरचा. या दोन टोकांना जोडणारा काहीतरी दुवा हवा.

तो दुवा म्हणजे लग्नाचा दाखला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नियम सैल झाले तेव्हा विवाह प्रमाणपत्राची सक्ती गेली आणि घटस्फोटितांना जुन्या जोडीदाराचे नाव लिहिण्याची गरजही उरली नाही. दाखला नसेल तर पती-पत्नीच्या एकत्र फोटोचे, दोघांच्या सहीचे घोषणापत्र चालते. तरीही दाखला नसेल तर तो काढाच, असा माझा आग्रह असतो. गुजरातेत २००६ च्या कायद्याने विवाहनोंदणी होते आणि आपल्याकडे ते काम कॉर्पोरेशनच्या वॉर्ड ऑफिसात होते. पासपोर्टवाल्यांनी नाही मागितला तरी व्हिसावाले मागतील. कॅनडाच्या अर्जात नाते सिद्ध करायला लग्नात भटजींनी काढलेली पत्रिका कामाची नाही.

नाव बदलायचेच ठरवले तर लग्नाचा दाखला पुरतो. पण लग्नाशी संबंध नसलेला मोठा बदल, म्हणजे नाव किंवा आडनाव पार वेगळे करणे, त्याला प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात किंवा मग गॅझेट लागते. असा बदल करायचा असेल तर तो मे महिन्याच्या प्रवासाच्या तोंडावर करू नका. अशा प्रकरणांना तत्काळही, म्हणजे जादा फी भरून लवकर पासपोर्ट मिळण्याची सोयही, मिळत नाही.

तुमच्या पासपोर्टला अजून मुदत आहे, मग आत्ताच पैसे का घालवायचे, असे तुम्ही विचाराल. कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा देतात, पण तो पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. दोन वर्षे उरलेल्या पासपोर्टवर अर्ज केला तर व्हिसाही तेवढ्याच दिवसांचा मिळेल आणि नवऱ्याला दहा वर्षांचा. पुढच्या वेळी तुम्हाला एकटीला पुन्हा सगळे करावे लागेल. नवऱ्याचे नाव घालण्याच्या कारणाने आत्ताच रीइश्यू केल्यावर नवी पुस्तिका पुन्हा पूर्ण १० वर्षांची मिळते. म्हणून दोघांचे अर्ज आत्ता, एकाच सुमारास भरा.

मुलांकडे वळू. यांच्यात खरे काम आहे.

मुलाचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ नंतरचा आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मतारखेचा एकच पुरावा चालतो, तो म्हणजे जन्मदाखला. जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा त्याच दिवशी लागू झाला आणि पासपोर्टच्या नियमांत तो बदल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. हॉस्पिटलचे कार्ड, डिस्चार्जचा कागद, लसीकरणाची वही, यातले काहीही दाखवू नका. आधी जन्मलेल्यांना पर्याय आहेत: जन्मदाखला, एलसी किंवा दहावीचा दाखला, पॅन, लायसन्स, निवडणूक ओळखपत्र, एलआयसीसारखी पॉलिसी, पेन्शनर असाल तर पेन्शनचा आदेश. या यादीतले एकच पुरे. आधार मी जन्मतारखेसाठी कधी पुढे करत नाही, ते पत्त्यापुरते ठेवतो.

जन्मदाखला हातात घेऊन दोन गोष्टी बघा. एक, त्यावर बाळाचे नाव आहे का. हॉस्पिटलातून नोंद जाते तेव्हा बारसे झालेले नसते, त्यामुळे नावाची जागा कोरी राहते आणि आपण दाखला लॅमिनेट करून कपाटात ठेवून देतो. नोंदणीपासून एक वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. दुसरे, बारशाला ठेवलेले नाव आणि हाकेचे नाव वेगळे असेल तर दाखल्यात नेमके कोणते गेले आहे? आजी कॉर्पोरेशनात गेलेली असली की राशीवरून ठेवलेले नाव जाते, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. शाळेत घालण्याआधी नाव सगळीकडे एकच करून घ्या. ई-ओळख या गुजरात सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या साइटवरून काढलेला, क्यूआर कोडचा, गुजराती आणि इंग्रजी दोन्ही असलेला दाखला सगळ्यात बरा. खंडेराव मार्केटच्या इमारतीत कॉर्पोरेशनचे मुख्य ऑफिस असले तरी या कामाला बहुतेकदा तुमचे वॉर्ड ऑफिस पुरते.

मुलाचे नाव फॉर्ममध्ये भरताना आपल्या पद्धतीचा पेच येतो. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही सांगतो, फॉर्ममध्ये रकाने दोन. आडनाव आडनावाच्या रकान्यात टाकाच, तो कोरा ठेवू नका. यूएईने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच शब्दाच्या नावाच्या पासपोर्टधारकांना व्हिजिट व्हिसावर येण्यास मनाई केली तेव्हा बऱ्याच लोकांची तिकिटे वाया गेली. मधले नाव पहिल्या रकान्यात जोडायचे का, यावर दोन मते आहेत. माझे मत असे: जन्मदाखल्यात जसे आहे तसे. आणि दोन्ही भावंडांचे एकाच पद्धतीने. मोठ्या बहिणीच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि धाकट्याच्यावर नाही, असे झाले की पुढे प्रत्येक व्हिसा फॉर्ममध्ये खुलासा लिहीत बसावे लागते. मुलीचा जुना पासपोर्ट आहेच. तो बघा आणि त्यातली पद्धत मुलाला लावा.

मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सह्यांचे घोषणापत्र लागते, त्याला अ‍ॅनेक्शर डी म्हणतात. साध्या कागदावर छापायचे, नोटरी लागत नाही. नोटरी, स्टॅम्पपेपर, शंभर रुपयांचे सोगंदनामे म्हणजे प्रतिज्ञापत्रे, हा काळ २०१६ नंतर संपला, पण कोर्टाबाहेर बसणारे अजून लोकांना स्टॅम्पपेपर विकतात. मुलांच्या पत्त्यासाठी आई किंवा वडिलांचा पासपोर्ट चालतो, पत्ता तोच असेल तर. म्हणूनच मी म्हटले की आधी मोठ्यांचे होऊ द्या. दोघांच्या नव्या पुस्तिका हातात आल्या की त्याच कागदांनी मुलांचे काम होते, चौकशी नाही, पत्त्याचे वेगळे बिल नाही.

मुलगी ९ वर्षांची, तिचाही अर्ज रीइश्यूचाच. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरावे लागेपर्यंतचा, जे आधी येईल ते. तिचा पुढचा येईल तेव्हा ती पंधराच्या जवळ असेल. १५ ते १८ या वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, मोठ्यांची फी भरून. तेव्हा तोच घ्या. सोळाव्या वर्षी अठरापर्यंतचा पासपोर्ट घेऊन दोन वर्षांत पुन्हा रांगेत उभे राहणाऱ्या मुलांचे वडील माझ्याकडे येतात आणि त्यांना पाचशे रुपये वाचवल्याचे समाधान काही केल्या मिळत नाही.

तुमच्या घरात आई-वडील दोघे आहेत म्हणून प्रश्न नाही. पण हेच विचारायला येणाऱ्या कितीतरी बायका एकट्या असतात: नवरा सोडून गेलेला, वेगळे राहणारा, किंवा सही करायला तयार नसलेला. त्यांना वाटते की बापाची सही नाही म्हणजे मुलाचा पासपोर्ट नाही. असे नाही. एकाच पालकाच्या सहीने अर्ज करायचा असेल तर अ‍ॅनेक्शर सी आहे. दुसऱ्या पालकाची संमती का नाही, हे त्यात स्पष्ट लिहायचे. घटस्फोट होऊन ताबा मिळालेला असेल तर निकालाची प्रत. कोर्टात प्रकरण चालू असेल तर ते लपवू नका, कारण समोरचा माणूस पासपोर्ट ऑफिसला एक पत्र लिहितो आणि फाइल थांबते. फॉर्ममध्येही आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचेच नाव देता येते, हेसुद्धा २०१६ च्या त्याच बदलातले. अशा मुलांचे अर्ज सहसा तत्काळमध्ये घेत नाहीत, तेव्हा वेळ हातात ठेवून भरा.

सासूबाईंचा अर्ज फ्रेश. ६० च्या पुढच्यांना फ्रेश अर्जात १० टक्के सूट आहे, तशीच ८ वर्षांखालच्या मुलांना. म्हणजे सासूबाईंचे १५०० ऐवजी १३५० आणि धाकट्याचे १००० ऐवजी ९००. मुलीला सूट नाही, तिचे १०००. तुम्हा दोघांचे १५००-१५००. पाच जणांचे ३६ पानी पुस्तिकांचे मिळून ६,२५० रुपये होतात. ६० पानी पुस्तिका मोठ्यांनाच मिळते, ती घेतल्यास माणशी ५०० जास्त, पण ती सतत फिरणाऱ्यांसाठी. तत्काळ हवे असेल तर माणशी आणखी २०००. एवढे सांगतो कारण याच पाच पासपोर्टचे दुप्पट पैसे मागणारे आहेत, आणि सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटही आहेत. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन दिसले तरच पैसे भरा.

सासूबाईंचा जन्मदाखला नसणारच. त्या काळात नोंदी शाळेच्या रजिस्टरात पडत. एलसी मिळाली तर बघा. नाव-तारीख पॅनशी जुळत असेल तर उत्तम, नसेल तर पॅनच पुढे करा. पत्त्याला आधार, किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक. बँक ऑफ बडोदाचे खाते नसलेली मराठी आजी या शहरात मी अजून पाहिली नाही, पण पासबुकात फोटो आणि बँकेचा शिक्का हवा आणि खाते चालू हवे. लाइट बिल तुमच्या नावाचे असेल तर त्यांना उपयोग नाही. वेऱ्याचे म्हणजे घरपट्टीचे बिल कित्येकजण घेऊन येतात, ते पत्त्याच्या यादीत नाही.

त्यांना सतावणारा आणखी एक प्रश्न असतो, कोणीतरी "ईसीआर" म्हणून घाबरवलेले असते. काही देशांत कामासाठी जाणाऱ्या, दहावी न झालेल्या लोकांसाठीची ती तपासणी आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती लागू होत नाही. शिक्षण कमी म्हणून त्यांनी संकोच करू नये.

आता केंद्रावरचा दिवस. बडोद्याचे पासपोर्ट सेवा केंद्र अहमदाबादच्या प्रादेशिक ऑफिसखाली येते. इथे तारीख लांबची मिळत असेल तर दुसरीकडची घेता येते. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, पोलीस चौकशी मात्र फॉर्ममध्ये दिलेल्या पत्त्यावरच. दाहोदला पोस्टातले केंद्र आहे, देशात जी पहिली दोन पोस्टातली केंद्रे जानेवारी २०१७ मध्ये उघडली त्यातले ते एक, दुसरे म्हैसूरचे.

आत ए, बी, सी असे तीन काउंटर. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. तिथे कंपनीची मुले बसतात. बी आणि सी वर सरकारी अधिकारी. ए वर स्क्रीन तुमच्याकडे वळवून माहिती वाचायला सांगतात, त्या क्षणी घाई करू नका. बापाच्या नावातले एक "एच" तिथे दुरुस्त होते, पुस्तिका छापून आल्यावर त्यासाठी पुन्हा पैसे आणि पुन्हा अर्ज. चष्मा विसरलेले सासरे आणि "हो हो बरोबर आहे" म्हणणारा जावई, ही जोडी मला पुन्हा पुन्हा भेटते. कागद अपुरा असला तर अर्ज फेटाळत नाहीत, "होल्ड"वर ठेवतात आणि तो कागद घेऊन परत बोलावतात.

चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो तिथे काढत नाहीत, आपण न्यायचा: ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. दोन वर्षांच्या पोराचे डोळे उघडे, तोंड मिटलेले आणि मागे आईचा हात नाही असा फोटो स्टुडिओत एका बैठकीत मिळाला तर भाग्य समजा. आदल्या दिवशी जाऊ नका, आधीच काढून ठेवा.

पोलीस चौकशी यजमानांची आणि सासूबाईंची नक्की होईल. पोलीस बघतात दोन गोष्टी, नागरिकत्व आणि गुन्ह्याची नोंद. फोन आला की उचला, अनोळखी नंबर म्हणून कापू नका, कारण भेट झाली नाही की रिपोर्ट अपूर्ण जातो. चहापाण्याची गरज नाही, चौकशीची वेगळी फी नसते.

नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर खाली सोनेरी चिप-चिन्ह दिसले तर तो ई-पासपोर्ट. जुना साधा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतोच, केवळ चिपसाठी बदलू नका.

तुमच्या मे महिन्यासाठी हिशोब असा लावा. गणपती-नवरात्राच्या सुमारास आधार, जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला दुरुस्त झालेला हवा. त्याच वेळी तुम्हा दोघांचे आणि सासूबाईंचे अर्ज. त्यांच्या पुस्तिका आल्या की लगेच मुलांचे. दिवाळीच्या सुट्टीतल्या तारखा लवकर भरतात कारण शाळा बंद असतात, म्हणून शाळेच्या एका दिवसाचा खाडा परवडला. कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज पाचही पुस्तिका हातात आल्यावर एकत्रच करा, आणि विमानाची तिकिटे त्याच्याही नंतर.